टेकडीवरचा रिकामा दवाखाना

फार पूर्वी जंगलावर हत्तीचं राज्य होतं. नदीपलीकडे नवा दवाखाना झाला आणि टेकडीवरचा जुना ओस पडला. राजाने दवंडी पिटवली, "जुनी इमारत आणि भोवतालची जमीन सरकारला आता नको. चांगला उपयोग करील त्याला उद्या देऊन टाकू!"

जडीबुटी जाणणाऱ्या साळूबाई साळिंदराला आनंदाने बसवेना. जुना दवाखाना बंद झाल्यापासून नदीला पूर आला की टेकडीकडची आजारी पिल्लं उपचारावाचून दगावत. तिने सगळ्यांना हाका मारल्या. सशांनी झाडलोट केली, माकडांनी छप्पर शाकारलं आणि संध्याकाळपर्यंत खाटासुद्धा मांडून झाल्या!

लांडगा मात्र पावलांनी जमीन मोजत होता. "इमारत पाडीन, कुंपण घालीन आणि एकटा ऐसपैस राहीन," तो गुरगुरला.

सकाळी राजा आला, तर दारात रोग्यांची ही रांग!

"लांडगा कुठाय? जागेसाठी त्याचीही मागणी आली होती ना?" राजाने विचारलं.

"इथंच आहे, महाराज," रांगेतून लांडगा कण्हला. मोजता मोजता त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. "माझं म्हणणं राहू द्या. आधी साळूबाईंना जरा घाई करायला सांगा!"

राजाने हसत किल्ली साळूबाईपुढे ठेवली. पण ती उचलायला तिला दुपारपर्यंत सवडच झाली नाही.