रुग्ण सहकार्य करीत नाही

एकदा एका शिष्याने केसपेपरवर चार शब्द लिहिले आणि त्याच्या वृद्ध गुरूंचे माथे भडकले. शब्द होते : ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’ असे लिहायला काय लागते हो? एक पेन आणि थोडा माज.

गुरू तालुक्याच्या गावचे जुने दंतवैद्य. शिष्य पदवी घेऊन नुकताच त्यांच्या हाताखाली आलेला, हुशार. आणि रुग्ण जोतिराम खरमाटे, वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म कोर्टाच्या दारात पुकारा करण्यात गेला. आता अंगात मधुमेह आणि कंपवात. वरची कवळी टाळूला धरून राही, घोळ होता खालचा. तिथे दोनच दात उरलेले. शिष्याने त्या दातांना तारेचे आकडे अडकवून बसणारी सुरेख कवळी केली होती. पण थरथरत्या बोटांना ते आकडे काही अडकवता येईनात. मग मुलगा संपत जेवणाआधी बापाचा जबडा धरून ती बसवू लागला. जोतिराम ओठ घट्ट मिटून घेत. महिन्याभरात चार किलो वजन उतरले. पोटात अन्न नाही आणि वर साखर उतरवणारी गोळी, त्यामुळे दोनदा चक्कर येऊन पडले.

“हट्टी आहेत, सर,” शिष्य म्हणाला. “या वयात समजावणार तरी किती?”

दुपारी शिष्याने डबा उघडला, तसे गुरूंनी त्याला बाहेर रुग्णांच्या बाकावर बसवले. “हात मांडीखाली घे,” म्हणाले, आणि दवाखान्यातल्या शेवंताबाईंना सांगितले, “याला भरवा.”

शेवंताबाई बिचकल्या, पण सरांचा शब्द मोडायची सोय नव्हती. दहा-पंधरा माणसे बघत होती. मेथीच्या भाजीचा घास ओठांपाशी आला आणि शिष्याने तोंड मिटून घेतले. “आ करा, डॉक्टर,” बाई पुटपुटल्या. भाजी हनुवटीवर सांडली. कोणीतरी फिसकन हसले.

“सर, काय चाललंय हे? मी काय लुळापांगळा आहे?” शिष्य ओरडला.

गुरूंनी कोरा केसपेपर ओढला, त्यावर शिष्याचे नाव घातले आणि खाली लिहिले : ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’

“वाच, गाढवा!” ते गरजले. “घास तुझ्याच डब्यातला होता, भूकही होती. मग तोंड का मिटलेस? तुझा राग तो स्वाभिमान, आणि म्हाताऱ्याचा राग तो हट्ट होय रे? त्या माणसाच्या हातून सदऱ्याचे बटण गेले, सही गेली. तोंड तेवढे त्याचे स्वतःचे उरले होते, तिथेही आपण दुसऱ्याचा हात घातला. जबड्याचे माप तू बिनचूक घेतलेस. हाताचे घेतलेच नाहीस.”

शिष्य खाली मान घालून म्हणाला, “मग ते दोन दात काढून पूर्ण कवळी करू?”

“काढायचे कशाला? या साखरेत जखम भरायला किती दिवस जातील! आणि नुसत्या हिरडीवर खालची कवळी नाचत राहील. जे उरलेय त्याच्यावरच उभे करायचे.”

पुढचे काही आठवडे शिष्य राबला. चुंबक वापरायचे, म्हणून छातीत पेसमेकर नाही ना, हे विचारून घेतले. दोन्ही दात हिरडीलगत कापले, मुळे राखली, त्यांवर पोलादी टोप्या बसवल्या. नव्या कवळीत नेमक्या त्याच जागी बारीक लोहचुंबक घातले.

जोतिरामांनी कवळी हातात घेतली. हात लटपटत होता. ती ओठाला लागली, घसरली. संपत सवयीने पुढे सरकला, तोच गुरूंनी त्याचे मनगट धरले. दुसऱ्या खेपेला कवळी मुळांजवळ गेली मात्र, चुंबकांनी ती ओढून घेतली. टक्.

जोतिरामांनी दातांवर दात दाबून पाहिले. मग मुलाकडे वळले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण शब्द स्वच्छ होता.

“संप्या, पुन्हा माझ्या तोंडात बोट घातलंस, तर तोडून ठेवीन!”

शिष्याने जोतिरामांचा केसपेपर ओढला आणि ते चार शब्द खोडले. खाली लिहिले : ‘कवळी रुग्णाने स्वतः बसवली. रुग्ण रागावले आहेत.’

गुरूंनी ते वाचले आणि खाली सही केली.