मार्थाबाईंचं आमेन

सोनपूरच्या ल्युथरन चर्चच्या मंडळीनं आपल्या सेवकांसाठी आरोग्य योजना काढली आणि वडिलांच्या, म्हणजे मंडळीच्या पंचांच्या, बैठकीत गर्भपाताच्या कलमावर गाडं अडलं. अध्यक्ष एलियासराव गोर्डे गरजले, "जीव ही देवाची देणगी! योजना गर्भपाताचा खर्च देणार नाही. बाईच्या जिवावरच बेतलं तर अर्ज करावा, सात वडील बसून ठरवतील."

मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स असलेल्या मार्थाबाई पाटोळे म्हणाल्या, "साहेब, रक्तस्राव काही सात सह्या होईपर्यंत थांबत नाही."

"भावनेच्या भरात ठराव होत नसतात," म्हणत एलियासरावांनी विषय मिटवला आणि बैठकीत बाईमाणसाला मिळायचं ते एकच काम त्यांना दिलं. "समारोपाची प्रार्थना करा."

मार्थाबाईंनी डोळे मिटले. "हे प्रभू, जीव तुझी देणगी आहे, आणि आईचा जीवही तुझाच. जिचा जीव धोक्यात आहे तिला आमच्या सह्यांची वाट बघायला लागू नये. निर्णय तिनं आणि डॉक्टरांनी घ्यावा, खर्च आमच्या योजनेनं उचलावा."

"आमेन!" सगळे एका सुरात म्हणाले. सवयीनं एलियासरावांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"चिटणीस, लिहून घ्या," मार्थाबाई म्हणाल्या. "एकमतानं मंजूर."

"अहो, ती प्रार्थना होती!"

"मग देवापुढं 'तसंच होवो' म्हणून म्हटलेलं आमेन मागं घ्यायचा ठराव तुम्हीच मांडा, साहेब. बघू अनुमोदन कोण देतंय."

एलियासरावांनी टेबलाभोवती नजर फिरवली. सगळे वडील बायबलात डोकं घालून बसले होते. चिटणीसांनी मात्र पेनाचं टोपण काढलं.