पश्चिमेची काच

जळगावात पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा आणि कार्यालय बांधायचं होतं. वर्षभरात इमारतीला लागेल तेवढी वीज तिच्याच छतावर तयार झाली पाहिजे, अशी अट होती. आर्किटेक्ट हर्षदा भारंबेने पश्चिमेला जाड भिंत आणि छोट्या खिडक्या देऊन हिशेब कसाबसा जुळवला होता.

ऐन मेमधल्या बैठकीत मुख्य अभियंता सरनोबत साहेबांनी नकाशा बाजूला सारला. "मॅडम, ही काय धान्याची कोठी आहे? पश्चिमेला हमरस्ता आहे. तिकडून सगळी काच हवी, चकचकीत!"

"साहेब, ऊन आत येईल. छतावरची सगळी वीज गारव्यातच संपेल."

"मग एसी कशाला असतात? बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच आलात, दमला असाल. आज काच दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

सगळे आपापल्या कागदांत बघू लागले. चोख उत्तरं हर्षदाला सुचायची ती नेहमी घरी जाताना, रिक्षात. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"दाखवते, साहेब. फक्त एक सांगा. तुमच्या गाडीला चारही बाजूंनी काच आहे, एसीही आहे. मग ड्रायव्हरकाकांनी ती कडुलिंबाखाली का लावलीय?"

"उन्हात भट्टी होते तिची," साहेब बोलून गेले.

"गाडीत तुम्ही अर्धा तास बसता. इथे माणसं आठ तास बसणार आहेत."

कुणीतरी हसू दाबायला खोकलं. साहेबांनी नकाशा पुन्हा पुढ्यात ओढला.

"सही कुठे करायची?"