केतकीला शिकवलेलं वाक्य

फार जुनी गोष्ट नाही. कोर्टामागच्या बागेत, सोनपिवळ्या शेवंतीच्या ताटव्याजवळ आठ वर्षांची केतकी बसली होती. फ्रॉक विटका, चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. आई साड्यांना फॉल लावायची, बाबा टेम्पो चालवायचे, आणि दोघं आता वेगळे होत होते.

मागच्या तारखेला जज मॅडमनी विचारलं, "बाळा, बाबांकडे आवडतं का?"

"बाबा मला उपाशी ठेवतात," केतकी सगळ्यांसमोर म्हणाली. आईनं आठवडाभर ते घोकून घेतलं होतं, पाढ्यासारखं. खरं तर बाबा दर रविवारी तिच्यासाठी वेड्यावाकड्या पुऱ्या तळायचे. त्या दिवशी ते नुसते आपल्या हातांकडे बघत राहिले.

तेव्हापासून केतकीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उत्तर येत असूनही वर्गात हात वर होईना. खोटं शिजवलं मोठ्यांनी आणि लाज वाढली पोरीच्या ताटात!

बाबाही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. आज फाटकातच ते तिच्या कानाशी लागले, "आई मारते म्हणून सांग हं."

इतक्यात एका पाकळीवरून इवलीशी परी उतरली. मोरपिशी पंख, आणि पैंजणांतून चांदणं सांडत होतं.

"एक इच्छा माग, चिमणे."

"आईबाबांना पुन्हा एकत्र कर."

"दुसऱ्याचं मन फिरवायचं नाही, हा नियम आहे."

"मग मी बोललेलं पुसून टाक."

"बोललेलं पुसता येत नाही. हाही नियमच."

"नियमच नियम! परी आहेस की शाळेतल्या बाई?"

परी खुदकन हसली. केतकी अंगठ्यानं माती उकरत पुटपुटली, "खरं सांगायचंय गं. पण आवाजच फुटत नाही. तेवढा दे."

"दिला. पण खोटं बोललीस की बसेल. आणि खऱ्यानं आई रडेल."

"माहितीये," केतकी म्हणाली आणि उठली.

आत गेल्यावर ती एका दमात बोलली, "मॅडम, मी खोटं बोलले. बाबा उपाशी ठेवत नाहीत. आई मारत नाही. दोघं मला वाक्यं शिकवतात. त्यांना रागवू नका. मी दुसऱ्याकडे जाईन म्हणून घाबरतात ते."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "केतकी आईकडे राहील. शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी बाबांकडे. आणि पुन्हा हिच्या तोंडी वाक्य घातलंत, तर गाठ माझ्याशी आहे."

आईनं पदरात तोंड लपवलं. "चुकले गं, सोन्या."

"माझंही चुकलं," बाबा म्हणाले.

"मला काय सांगता? एकमेकांना सांगा!" केतकीचा आवाज खणखणीत होता.

दोघांनी एकमेकांना सांगितलंही, पण फरशीकडे बघत. त्यामुळे खिडकीत केशरी, निळा, मग नुसता शुभ्र उजेड लखलखला आणि परी त्यात विरून गेली, ते एकट्या केतकीलाच दिसलं.