पोवळाईचा खोटा शुक्रवार

एका राज्यात जमीन थोडी आणि पाणी फार होतं. सात बेटं, सातांवर नारळी, आणि सातांवर मिळून एकच राजा, शंखपाल. आठवड्याचे पाच दिवस लोक आपापल्या बेटावर राबत. शनिवार-रविवारी शिडं उभारून सोयऱ्यांकडे जात. म्हणून दर शुक्रवारी राजाची हवापारखी पोवळाई बुरुजावर चढे आणि दोन दिवसांचा वारा, पाऊस नि लाटा सांगे. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एकदा राजाला होड्यांच्या शर्यतीची हौस आली. दक्षिणेचा काळा ढग पोवळाईने पाहिला होता. पण राजाने डोळे वटारले आणि तिने समुद्र शांत राहील असं सांगून टाकलं. राजाने शर्यत जिंकली, सोन्याचा कलश मिरवला. मागची एक होडी वादळात बुडाली. तिच्यात जादूगार धूमकेशाचा एकुलता मुलगा होता.

धूमकेशाने शाप दिला. तेव्हापासून पाच दिवस वारा मेलेला, दोन दिवस पिसाळलेला. वल्हवावं तर प्रवाह होडीला मागे लोटी. तीन वर्षं बेटाला बेट भेटलं नाही. अशात कुररी पक्षिणीने येऊन पोवळाईला सांगितलं, की सातव्या बेटावर तुझी लेक शेवंता पहिलटकरीण आहे, दिवस भरले आहेत आणि आईचा धोसरा घेऊन बसली आहे.

पोवळाई तडक त्याच बेटावरच्या धूमकेशाच्या गुहेत गेली. त्याने तीन कामं सांगितली: कलश समुद्राला द्या, माझ्या मुलाच्या होडीचं सुकाणू वर आणा, आणि जिथून खोटं बोललात तिथूनच राजा आणि तू, दोघं खरं बोला.

कलश राजाने दिला. सोनं द्यायला राजांना फारसं जड जात नाही. कुररीने जागा दाखवली, पोवळाईने सात लाटा सरेपर्यंत श्वास कोंडून बुडी मारली आणि सुकाणू बापाच्या मांडीवर ठेवलं. बाप रडला. तिसऱ्या कामाला मात्र राजा अडला.

“राजा चुकला, असं प्रजेने कधी ऐकलं आहे?”

“समुद्राने ऐकलं आहे, महाराज. प्रजेचंच राहिलं आहे.”

शुक्रवारी पोवळाई बुरुजावर चढली, तिच्यामागून राजाही. “ढग मी पाहिला होता,” ती म्हणाली. “भ्याले आणि खोटं बोलले.”

राजाने मुकुट काढून हातात घेतला. “तिला भ्यायला मी लावलं.”

तत्क्षणी शिडं हलली. पोवळाईने लगेच सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत लाटा कमरेएवढ्या, वारा सोबतीचा. दुपारनंतर पाऊस, तेव्हा लहान होड्यांनी निघू नये.

शनिवारी किनारा माणसांनी भरला, पण होडीत पाय कोणी ठेवीना. दुधाने पोळलेले ते, ताक फुंकणारच. पोवळाई एकटी पहिल्या होडीत बसली. मग राजा उठला आणि तिच्या होडीचं सुकाणू धरून बसला. तेव्हा कुठे साऱ्या किनाऱ्याने शिडं उभारली.

दुपारनंतर सांगितल्याप्रमाणे पाऊस आला, तेव्हा पोवळाई लेकीच्या उशाशी होती. तिची वाट जशी मोकळी झाली, तशी ऐकणाऱ्या साऱ्यांची होवो.