चाळिशीपुढचा पहिला बाक

चव्वेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या सीईटीला बसायचं ठरवलं, हा माझा पहिला मूर्खपणा. दुसरा त्याहून मोठा: त्यासाठी कोरगावकर सरांचा क्लास गाठला. क्लासमध्ये घेण्याआधी एक चाचणी असते. तिच्यात ‘पुढील युक्तिवाद कमकुवत करा’ असा प्रश्न आला, की मला त्या युक्तिवादाचीच दया यायची. बिचाऱ्याचं बोलणं कशाला पाडायचं? वीसपैकी चार मार्क पडले.

सरांपुढे पालकसुद्धा हात बांधून उभे राहतात. त्यांनी भर वर्गात माझा पेपर फडकवला.

“ताई, बारा वर्षं क्लास चालवतोय. माझ्या क्लासमधून चाळिशीपुढचं एकही माणूस पास झालेलं नाही. म्हणजे तुम्हीही होणार नाही. खोडा बघू हा युक्तिवाद! खोडलात तर पहिला बाक तुमचा, नाहीतर घरी जा.”

माझं तोंड सुटलं. “सर, चाळिशीपुढचे आजवर किती जण घेतलेत?”

“एकही नाही. घेऊ कशाला?”

“मग आमच्यातलं कोणी नापासही झालेलं नाही की! बारा वर्षांत एकही नाही!”

पोरांनी बाकं बडवली. सरांनी फळा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला आणि पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं.

मी तरंगतच जाऊन बसले. गप्प बसवेना, म्हणून विचारलं, “एवढं सुचतं मला, मग पेपरात चारच कसे पडले हो, सर?”

सर हजेरीपटात माझं नाव लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “प्रत्येक प्रश्न मी विचारलाय असं समजून सोडवत जा.”