रावजीची उडी

"मग त्याला संघातून काढूनच टाकणार?" नूरशाबाबांनी विचारलं.

"काढावंच लागेल, बाबा. उद्या सकाळी सांगतो त्याला."

अमोघ टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीपाशी उभा होता, समोर दर्गा सांभाळणारे बाबा. काखेत तांबड्या कातड्याचा लांबुळका बॉल. मेलबर्नला शिकायला गेला, तो तिथला, हातापायांनी खेळायचा फुटबॉल डोक्यात घेऊनच परतला. टेकडीखालच्या माळावर त्यानं गावातल्या कबड्डीच्या पोरांचा संघ उभा केला. लोक हसले, पण तो हटला नाही. या खेळाच्या जोरावर ही पोरं जग बघतील, असं तो भेटेल त्याचा हात धरून सांगायचा.

पहिला अख्खा मोसम मात्र हरण्यात गेला होता.

"रावजी खिलारे म्हणजे तो ताडमाड पोरगा ना?"

"तोच. आमचा रकमन."

"म्हणजे करतो काय?"

"पंच मधोमध बॉल वर उडवतो. दोन्हीकडचे उंच गडी झेपावतात. आधी पोचेल त्यानं तो आपल्या माणसाकडे टोलवायचा."

"स्वतःजवळ नाही ठेवायचा?"

"नाही."

"हं..." बाबा म्हणाले. "मग रावजी पोचत नाही?"

"पोचतो. त्याच्यासारखी उडी कुणाची नाही."

"टोलवत नाही?"

"टोलवतो की. पण बॉल मातीत पडतो, बाबा. समोरचे उचलून नेतात. वर्षभर हेच बघतोय मी."

"आणि आपली पोरं?"

"ती मागं असतात. कबड्डीची सवय. कुणी अंगावर आलं की एकमेकांचे हात धरून मागं सरतात. शिकतील हळूहळू. पण रावजीचं पुढं काही होईल, असं मला वाटत नाही. त्याचा भाऊ त्याला चाकणला गोदामात कामाला बोलावतोय. जाऊ दे."

"तिकडं खेळेल?"

"तिकडं कुठला खेळ..."

"तो काय म्हणतो?"

"काही नाही. रोज येतो, उड्या मारतो."

दोघांनी खाली पाहिलं. ऊन कलत होतं. माळावर रावजी एकटाच होता. बॉल नव्हता, पंच नव्हता. तो धावायचा, उडायचा, रिकाम्या हवेत हात टोलवायचा. आणि खाली आल्यावर वळून पाठीमागं बघायचा.

अमोघनं नजर काढून घेतली.

"चढण चढून आलास. पाणी पी," बाबा म्हणाले.

दर्ग्यात पेला नव्हता. येणाऱ्यानं ओंजळ धरायची, बाबांनी वरून धार सोडायची, अशी तिथली रीत. बाबांनी तांब्या उचलला. अमोघनं एकच हात पुढं केला. बॉल खाली ठेवायला त्याचं मन होईना. मेलबर्नहून आणलेला, कातडं भिजलं की फुगतं.

धार आली. शिंतोडे उडाले, तसा तो बॉल सांभाळत मागं सरला. पाणी मातीत गेलं.

"जरा बेतानं, बाबा."

बाबांनी पुन्हा धार धरली. तो पुन्हा मागं सरला.

बाबांनी तांब्या चोहोबाजूंनी निरखून पाहिला. बुडाला बोट लावलं. मग खेदानं मान हलवली.

"तांब्या कामातून गेला. टाकून देतो."

अमोघला हसू आलं. "तांब्यानं काय केलंय, बाबा? मीच मागं..."

तो माळाकडे वळला.

खालून पावलांचा आवाज येत होता. धाव... मग क्षणभर काहीच नाही... मग माळावर धप्पकन उतरलेले पाय.



अमोघनं बॉल धुळीत ठेवला. एक पाऊल पुढं आला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ धरली.

बाबांनी तांब्या कलता केला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते सगळं ओंजळीत उतरलं.

तो प्यायला. हात तसेच ओले ठेवून बसून राहिला.

"हं," बाबा म्हणाले, "तर रावजीचं काय म्हणत होतास?"